त्याने हात का नाही दिला?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

ताई, माझं वय ३८, लग्नाला १२ वर्षं झाली. मार्चमध्ये मुलीला आजीकडे ठेवून आम्ही दोघंच व्हिएतनामला गेलो होतो. तिथल्या 'हा लाँग' उपसागरात दोन दिवस, एक रात्र अशी क्रूझ घेतली. पहिल्याच दुपारी कयाकिंग होतं. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. गाइडने विचारलं, "कोणाला पोहता येत नाही? त्यांनी बांबूच्या होडीत बसा, तिथे वल्हवायला माणूस असतो." मी हात वर करणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "वी आर फाइन." मी गप्प बसले.

डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडच्या तळ्यात जायचं होतं. दोघांची कयाक, मी पुढे, तो मागे. बोगद्याच्या तोंडाशी समोरून एक बांबूची होडी आली. तो कडेच्या खडकाला हाताने रेटा द्यायला गेला, मीही घाबरून त्याच बाजूला झुकले आणि कयाक उलटली. लाइफ जॅकेटचं खालचं बक्कल मी लावलं नव्हतं, ते पार तोंडावर आलं. बाहेर डोकं निघालं तेव्हा तो उलट्या कयाकवर दोन्ही हात टाकून आडवा पडलेला होता. माझ्याकडे बघत होता. मी हाका मारल्या. त्याने हात पुढे केला नाही. शेवटी त्या बांबूच्या होडीतल्या बाईने मला जॅकेटच्या पट्ट्याला धरून वर ओढलं. तेव्हा पाहिलं, माझ्या मुठीत माझी टोपी होती. घट्ट.

रात्री जेवताना त्याने शेजारच्या टेबलावर सगळी हकीकत रंगवून सांगितली. "हिने वल्हं सोडलं, मला सोडलं, पण टोपी नाही सोडली!" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर त्याने हेच त्याच्या आईवडिलांना सांगितलं, माझ्या माहेरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं.

दोन महिने होत आलेत. आंघोळीला डोक्यावरून पाणी घेतलं की अजून माझा श्वास अडकतो. रात्री तो शेजारी शांत झोपलेला दिसला की वाटतं, वेळ आली तर हा आधी स्वतःला वाचवेल. आणि आता तो म्हणतोय, पुढच्या सुट्टीत मुलीला घेऊन पुन्हा अशाच क्रूझवर जाऊ. ती नऊ वर्षांची आहे. मला नाही म्हणायचंय, पण कारण काय देऊ? ज्याने हात दिला नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवू?

– एक वाचक

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात मी दोन ठिकाणी थांबले. एकदा त्या टोपीपाशी आणि एकदा 'मीही हसले' या शब्दांपाशी. तुम्ही मात्र प्रश्न विचारलाय तो या दोन्हींच्या मधल्या गोष्टीबद्दल, त्याने न दिलेल्या हाताबद्दल. आधी त्याच्याबद्दलच बोलू, कारण ते दृश्य गेले दोन महिने तुमच्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

टोपीपासून सुरुवात करते. पाण्यात पडल्यावर वल्हं सुटलं आणि टोपी राहिली. ती तुम्ही ठरवून धरली होती का? पोटच्या मुलीपेक्षा, नवऱ्यापेक्षा, स्वतःच्या जिवापेक्षा टोपी मोलाची वाटली म्हणून? अर्थातच नाही. पडता पडता हाताला जे लागलं त्याच्यावर मूठ मिटली आणि मेंदूने ती उघडायचा हुकूम दिलाच नाही. होडीत बसेपर्यंत आपल्या हातात काय आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं. त्याच्या हाताला कयाक लागली आणि त्याचे हात कयाकवर मिटले. तुम्ही एकाच वेळी पडलात, एकाच पाण्यात पडलात, आणि दोघांच्याही हातांनी त्या क्षणी एकच गोष्ट केली. त्याचं नशीब एवढंच की त्याच्या हाती तरंगणारी वस्तू आली.

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचे जीवरक्षक होते. माणूस पाण्यात खरोखर अडचणीत येतो तेव्हा त्याचं शरीर काय करतं, याचं त्यांनी १९७०च्या सुमारास चित्रीकरण करून बारकाईने निरीक्षण केलं. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून मदत मागत नाही, असं त्यांना दिसलं. त्याचे दोन्ही हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात आणि मनात आणलं तरी त्याला ते समोरच्या दोरीकडे नेता येत नाहीत. ओरडायला श्वास लागतो, आणि शरीर असलेला सगळा श्वास स्वतःपुरता राखून ठेवतं. तुमचा नवरा बुडत नव्हता, त्याच्याखाली कयाक होती, अंगात जॅकेट होतं. पण पोहता न येणाऱ्या माणसाच्या डोक्यात पाण्यात पडल्यावर जी भीती उसळते तिला हे हिशोब कळत नाहीत. तुम्ही लिहिलंय की तो तुमच्याकडे बघत होता. बघत होता, पण बोलला का? त्याचा आवाज तुम्हाला आठवतो का? तुमच्या पत्रात हाका सगळ्या तुमच्या आहेत, त्याचा एकही शब्द नाही. मला वाटतं त्या क्षणी तुमच्या दोघांत जास्त गोठलेला तो होता. तुमची भीती गळ्यातून बाहेर पडत होती, त्याची आतच अडकली होती. डोळे उघडे असणं म्हणजे दिसत असणं नव्हे.

मार्चमध्ये तिथलं पाणी साधारण २० अंशांच्या आसपास असतं. ऐकायला हे फार गार वाटत नाही, पण ३७ अंशांचं अंग बेसावधपणे त्यात गेलं की पहिल्यांदा मोठी धाप लागते, मग श्वास भराभर चालतो आणि छाती आवळते. ब्रिटनमधली आर.एन.एल.आय. ही समुद्रातल्या बचावाचं काम करणारी जुनी संस्था लोकांना सांगते की पाण्यात पडलात तर आधी पोहायच्या मागे लागू नका, पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग पुढचं. म्हणजे ज्यांना पोहता येतं त्यांनाही सुरुवातीचा मिनिटभर काही करू नका असं सांगावं लागतं, इतका तो वेळ माणसाच्या हातात नसतो.

आणखी एक. समजा तो कयाक सोडून तुमच्याकडे झेपावला असता. पोहता न येणारा, घाबरलेला माणूस, दुसऱ्या पोहता न येणाऱ्या, घाबरलेल्या माणसाकडे. तुम्ही त्याच्या गळ्याला मिठी घातली असती, त्याने तुमच्या खांद्यावर भार दिला असता. जीवरक्षकांनाही शिकवतात की आधी काठी किंवा वल्हं पुढे करा, मग काहीतरी तरंगणारं फेका, मग होडी न्या, आणि यातलं काहीच जमलं नाही तरच पाण्यात उतरा. कयाक शिकवणारे पहिला धडा देतात तोही हाच, उलटलात तर कयाक सोडू नका. हे सगळं त्याला माहीत होतं असं मी म्हणत नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने वल्हं तुमच्याकडे केलं असतं, किंवा निदान "कयाकला धर" असं ओरडून सांगितलं असतं.

मी त्याची वकिली करते आहे असं वाटत असेल तर थोडं थांबा. त्या मिनिटापुरतं त्याला सोडा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या मिनिटावरून तो नवरा कसा आहे हे ठरवू नका, जसं टोपीवरून तुम्ही बायको कशा आहात हे ठरत नाही. पण त्या मिनिटाच्या आधीही एक वेळ होती आणि नंतरही एक वेळ होती. त्या दोन्ही वेळा कोणी पाण्यात नव्हतं, श्वास जागेवर होता, विचार करायला सवड होती. माणसाला जाब विचारायचा तो अशा वेळांचा.

आधीची वेळ म्हणजे "वी आर फाइन". गाइडने साधा प्रश्न विचारला होता आणि सोबत साधा पर्यायही दिला होता. त्या बांबूच्या होड्या तिथे याचसाठी असतात. वल्हवणारी माणसं रोज त्याच बोगद्यातून ये-जा करतात आणि प्रवासी निवांत बसून डोंगर बघतात, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या नवऱ्याने दोघांच्या वतीने उत्तर देऊन टाकलं. तुम्हाला विचारलं नाही, तुमचा अर्धा वर गेलेला हात बघितला नाही. हे चूक होतं आणि ते त्याला सांगायला हवं. पण तुम्हीही "नाही, मला येत नाही" म्हणाला नाहीत, आणि बक्कलही लावलं नाहीत. हे मी दोष म्हणून म्हणत नाही. बोलायला बसाल तेव्हा हे तुमच्या तोंडून आधी आलं, तर पुढचं त्याला ऐकता येईल, म्हणून म्हणते. तिसरा वाटा क्रूझवाल्यांचा. पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाचं जॅकेट ओढून बघणं हे गाइडचं काम होतं. जॅकेट सैल असेल तर पाणी ते वर ढकलतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो, तुमच्या तोंडावर आलं ते त्यामुळेच. शिवाय कयाकिंगला देतात ती जॅकेटं सहसा हात हलवायला मोकळी, ५० न्यूटनच्या (हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) वर्गातली असतात. ती तरंगायला मदत करतात, पण घाबरलेल्या माणसाला उलटवून त्याचं तोंड आकाशाकडे करत नाहीत. पोहता न येणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्या जागेबद्दलही थोडं, कारण 'इतक्या शांत पाण्यात आपण पडलोच कसे' हा प्रश्न तुम्हाला छळत असणार. हा लाँगचं पाणी काचेसारखं दिसतं, कारण चुनखडीचे ते शेकडो डोंगर खुल्या समुद्राच्या लाटा बाहेरच अडवतात. पण भरती-ओहोटी त्यांना अडवता येत नाही. हा लाँग ज्या टोंकिनच्या आखातात आहे तिथे बहुतेक दिवशी भरती एकदाच येते आणि एकदाच ओसरते, आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याची पातळी तीन-चार मीटरनी वरखाली होते. डोंगरांनी वेढलेल्या तळ्यात जायला एकच ठेंगणा बोगदा असेल तर तळं भरतं आणि रिकामं होतं तेही त्याच बोगद्यातून. म्हणजे वरून स्थिर दिसलं तरी तोंडाशी पाणी चालत असतं, अरुंद वाटेत समोरासमोर होड्या येतात, आणि नवखा माणूस खडक जवळ आला की हात लावतो. खडकाला रेटा दिला की खडक हलत नाही, आपण हलतो. कयाकमध्ये दोघांची डोकी कयाकच्या मध्यरेषेवर राहिली तर ती सहसा उलटत नाही, दोघं एका बाजूला गेले की ती जाणारच. त्याने रेटा दिला, तुम्ही झुकलात. तो मागे असल्याने तुम्हाला तो दिसत नव्हता, आणि तुमची फक्त पाठ त्याला दिसत होती. इथे कोणा एकाची चूक शोधू नका. सापडणार नाही.

आता नंतरची वेळ. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मला याबद्दलच आहे असं वाटतं.

त्या रात्री तुम्ही कोरडे कपडे घालून टेबलाशी बसला होतात. समोर ताट होतं, बाहेर डोंगरांच्या काळ्या आकृत्या होत्या, डेकवर कोणी माकूळ पकडायला गळ टाकून बसलं असेल. काही तासांपूर्वी तुम्ही मरणाच्या भीतीने एका माणसाला हाका मारल्या होत्या, आणि तोच माणूस आता त्या हाकांची गंमत अनोळखी लोकांना सांगत होता. त्याच्या गोष्टीत उलटी पडलेली कयाक होती, टोपी होती, तुम्ही होतात. तो स्वतः कुठे होता? त्याने लोकांना सांगितलं का, की मी कयाकला चिकटून बसलो होतो आणि माझे हात हलेनात? नाही सांगितलं. गोष्टीतला घाबरलेला माणूस एकच राहिला, तुम्ही. आणि ती गोष्ट त्याने पुढे घरोघरी नेली.

तो असं का करत असेल याचा अंदाज मला आहे. बऱ्याच पुरुषांना 'मी घाबरलो' हे म्हणायची सवयच कोणी लागू दिलेली नसते. तुमच्या हाका त्याला ऐकू आल्या होत्या, त्याचा हात पुढे गेला नव्हता, आणि हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. लोकांनी विचारायच्या आत गोष्टीला हसण्याकडे वळवलं की तो प्रश्न कोणी विचारत नाही. दर वेळी सांगताना त्याला थोडं सुटल्यासारखं वाटत असेल. पण त्याच्या सुटकेची किंमत तुम्ही भरताय. पाण्यातल्या हातांवर त्याचा ताबा नव्हता, टेबलावरच्या शब्दांवर पूर्ण होता. कारण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही, आणि थांबावं असं मी सांगणारही नाही.

तुम्ही हसलात, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. चार लोकांत नवरा विनोद सांगत असताना न हसणाऱ्या बायकोला रुसकी म्हणतात, आणि ते ओझं त्या दिवशी तुम्हाला आणखी नको होतं. पण लक्षात घ्या, तुमच्या हसण्यामुळे त्याला आजपर्यंत वाटत असणार की तुम्हालाही ही गंमतच वाटते. तुम्ही दोन महिने एकट्या जागताय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून बोला, आणि लवकर. झोपायच्या वेळी नको, मुलीसमोर नको, त्याने पुन्हा ती गोष्ट सांगितली त्या संतापात तर नकोच. शक्य असेल तर चालताना बोला. समोरासमोर बसलं की चौकशी सुरू झाल्यासारखं होतं, शेजारी चालताना अवघड वाक्यं सोपी जातात. "तू मला वाचवलं नाहीस" या वाक्याने सुरुवात करू नका. त्यावर तो एकतर भांडेल किंवा माफी मागून विषय मिटवेल, आणि दोन्हींतून तुमच्या हाती काही लागणार नाही. साधारण असं म्हणून बघा: "त्या दिवसाबद्दल आपण दोघं एकदाही नीट बोललो नाही. मला अजून रात्री ते दिसतं. मला फक्त ऐकायचंय, तू पाण्यात होतास तेव्हा तुला काय दिसत होतं?" आणि मग गप्प बसा. तो म्हणेल, "काही नाही गं, झालं ते झालं." तरी गप्प बसा. दुसऱ्यांदा विचारा, तितक्याच शांतपणे.

कदाचित तो म्हणेल की त्याला तुमच्या हाका आठवतच नाहीत. हे ऐकून तुम्हाला राग येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते की असं खरंच होतं. अति भीतीत माणसाचं लक्ष एखाद्या बिंदूवर आवळलं जातं आणि बाकीचं, आवाजासकट, त्याच्यापर्यंत पोचत नाही. कदाचित तो म्हणेल, "मला वाटलं तू गेलीस." कदाचित रडेल. त्या वेळी टोपीचा हिशोब काढू नका. पण तो थोडा सावरला की पुढचं वाक्य नक्की म्हणा: "ती टोपीची गोष्ट आजपासून कोणाला सांगू नकोस. तेव्हा मी मरत होते असं मला वाटत होतं, आणि तू लोकांना हसवत होतास." यात विनंतीचा सूर ठेवायची गरज नाही. हे सरळ सांगायचं आहे.

सगळ्यांना बोलावून त्याने आता खरी हकीकत सांगावी, सासरी-माहेरी आपली बाजू मांडावी, असं मागू नका. त्यातून तुमचं दुखणं पुन्हा चारचौघांत येईल. बघायचं असेल तर एवढंच बघा की पुढच्या वेळी घरात कोणी म्हणालं, "अरे, तो टोपीचा किस्सा सांग ना", तेव्हा तो काय करतो. "नको, आम्ही दोघंही तेव्हा फार घाबरलो होतो" एवढं त्याने म्हटलं, त्यात 'दोघंही' हा शब्द आला, तर तुम्हाला त्या दुपारी न मिळालेल्या हातापेक्षा जास्त काही मिळालं असं समजा. आणि तुम्ही इतकं स्पष्ट सांगूनही त्याने तो किस्सा पुन्हा रंगवला, तर तुमच्या दुखण्याची त्याला कल्पना नव्हती असं त्यानंतर म्हणता येणार नाही. मग तुम्ही दोघांनी मिळून एखाद्या समुपदेशकाकडे जावं, आणि तो येत नसेल तर तुम्ही एकट्याने जावं.

विश्वासाचं विचारलंत. १२ वर्षांत बोगद्याबाहेरचे प्रसंग पुष्कळ आले असतील. तुम्ही आजारी होतात तेव्हा, बाळंतपणात, पैशाची ओढाताण झाली तेव्हा, तुमच्या घरचं कोणी वारलं तेव्हा. विचार करायला वेळ असताना तो काय करत आला? शेजारी उभा राहत आला असेल, तर तो माणूस अजूनही तोच आहे. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. तुमच्या वतीने "वी आर फाइन" म्हणणं हे त्या एका दुपारचं होतं, की घरातही तसंच चालतं? कुठे राहायचं, किती खर्च करायचा, कोणाला बोलवायचं, यात तुमचा अर्धा वर गेलेला हात तो बघतो का? नसेल बघत, तर तुम्हाला खरी भीती पाण्याची नसून याची आहे, आणि मग हे बोलणं कयाकपाशी थांबवू नका.

आता तुमच्या श्वासाबद्दल. डोक्यावर पाणी आलं की दचकणं, झोप मोडणं, ते दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, हे अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे अनेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. तुमचे दोन महिने होत आलेत, म्हणून या महिन्यातच एकदा दाखवा. आघातानंतरच्या भीतीवर बोलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो आणि ते वर्षानुवर्षं चालवावे लागतातच असं नाही. तोवर घरी एवढं करा, की डोक्यावरून एकदम पाणी घेऊ नका. आधी खांद्यावर, मग मानेवर, श्वास सोडत सोडत घ्या, आणि नको वाटलं की तिथेच थांबा. पाणी टाळलं की भीती घर करते, अंगावर ओढवून घेतलं तरी वाढते, मधली वाट हळू जाण्याची आहे.

राहिली मुलीची सहल. 'कारण काय देऊ' असं तुम्ही विचारता. मला भीती वाटते, हे पुरेसं कारण आहे. त्याला जोड म्हणून दुसरं कारण शोधायच्या भानगडीत पडू नका, ऑफिसची रजा नाही, पैसे नाहीत वगैरे. तो ती कारणं एकेक करून खोडत बसेल आणि खरं कारण तसंच राहील. पण कायमचं नाही म्हणू नका, कारण मुलगी पाण्याला घाबरून मोठी व्हावी असं तुम्हालाही वाटत नसणार. अटी घाला.

पहिली अट पोहण्याची, आणि ती तिघांसाठी. निदान पाठीवर तरंगता यावं आणि तोंडात पाणी गेलं तरी श्वास सावरता यावा, एवढं आलं तरी खूप झालं. मुलगी सगळ्यात आधी शिकेल, तिला बघून तुमच्या दोघांचीही भीड चेपेल. शिकताना नवरा-बायकोने एकमेकांना शिकवू नये, शिक्षक बाहेरचा असावा. दुसरं, क्रूझवर गेलं म्हणजे कयाकिंग करायलाच हवं असं नाही. बांबूची होडी आहे, डेक आहे, गुहा आहेत, पहाटे डेकवर ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, असते. बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या की नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचं जॅकेट आहे का. मुलांचं जॅकेट वजनावरून निवडतात, मोठ्यांचं आवळून चालत नाही, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर ते वर सरकत नाही. पाण्यात उतरण्याआधी खांद्याजवळ धरून वर ओढून बघायचं. हनुवटीच्या वर आलं तर ते तिचं नाही.

हंगामही बघा. उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत त्या भागात वादळं येतात. २०२५च्या जुलैमध्ये हा लाँगमध्येच अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून ३० हून जास्त माणसं गेली. हवामानाच्या इशाऱ्यावरून बंदर प्रशासनाने क्रूझ रद्द केली तर हळहळू नका, पैसे परत कसे मिळणार ते मात्र आधी विचारून ठेवा. आणि तुमचा प्रवास विमा कयाकिंगला लागू आहे का तेही बघा, बऱ्याच पॉलिसींमध्ये पाण्यातले साहसी खेळ वगळलेले असतात.

तिसरी अट फक्त त्याच्यासाठी. गाइडने पुन्हा कधी विचारलं, "कोणाला पोहता येत नाही?", तर उत्तर प्रत्येकाने आपापलं द्यायचं. मुलीनेसुद्धा. हे त्याने मान्य केलं की मग बुकिंगची चर्चा करा, तोवर नको.